पेवातलं पाणी

कंदील दोरीच्या टोकाला हेलकावे खात खाली गेला आणि निम्म्या वाटेवर त्याची ज्योत बारीक झाली.

"वर घे," अण्णा म्हणाले. "हवा कोंडलीय अजून. आज कुणी उतरायचं नाही."

आमच्या गड्यानं, शिवाप्पानं, कंदील वर ओढला. वर आल्यावर ज्योत पुन्हा मोठी झाली. पेवाचं तोंड जेमतेम एक माणूस उतरेल एवढं होतं. आत मात्र ते रांजणासारखं रुंद होत गेलं होतं. बाजूला सरकवलेल्या दगडी झाकणाखालून जुन्या हळदीचा वास येत होता. मला तो वास आवडला. अण्णांनी मात्र उपरण्याचं टोक नाकाला लावलं आणि ते दोन पावलं मागं सरले. हळदीत हयात घातलेल्या माणसानं हळदीच्या वासाला नाक झाकावं, हे मला जरा विचित्र वाटलं. पण त्या वेळी माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

अण्णा म्हणजे माझे सासरे, भूपाल आरवाडे. सांगलीच्या बाजारात त्यांची हळदीची अडत होती. हरिपूरच्या वाटेवर आमचं घर आहे, तिथं वस्ती व्हायच्या आधी सगळी पेवंच होती. जमिनीत खोल खणलेली ही कोठारं. हळद भरायची, तोंड मातीनं लिंपून टाकायचं; दोन वर्षांनी उघडलं तरी आतली हळद कोरडी. पुढं गोदामं आली, प्लॉट पडले, पेवं बुजली. अण्णांनी घर बांधताना एक पेव परसात राखून ठेवलं. महापुराच्या वर्षानंतर ते कुणी उघडलं नव्हतं. मी त्या घरात सून म्हणून आले ती पुरानंतर दोन वर्षांनी, त्यामुळं मी ते बंदच पाहिलेलं.

आम्ही ते उघडत होतो पावसाच्या पाण्यासाठी. आमचं परस सखल. छपराचं, गच्चीचं, पुढच्या रस्त्याचं असं सगळं पाणी मागं यायचं, शेजारच्या भिंतीला अडायचं आणि परत फिरून स्वयंपाकघरात शिरायचं. तिथून अण्णांच्या खोलीत. मागच्या पावसाळ्यात त्यांचा पलंग विटांवर चढवावा लागला होता. माझे यजमान धन्यकुमार पुण्याला कंपनीत होते, पंधरा दिवसांनी यायचे. ते पाणी बघून त्यांनी एकदाच सांगितलं होतं, "पुढच्या पावसाळ्यात पाणी घरात आलं तर घर काढायचं. मी तिकडं फ्लॅट बघून ठेवलाय. अण्णा, तुम्ही आमच्याबरोबर."

अण्णा "बघू" म्हणाले होते. त्यांचं "बघू" म्हणजे नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण चिखलात उभं राहून नाही म्हणता येत नाही, हेही त्यांना कळत होतं. मलाही जायचं नव्हतं. माझी शाळा इथं होती.

आमच्या शाळेतल्या भोकरे सरांनी त्यांच्या बंगल्यात शोषखड्डा केला होता. खड्डा खणायचा, त्यात दगड, विटांचे तुकडे, खडी, वाळू असे थर भरायचे आणि छपराचं पाणी त्यात सोडायचं. पाणी साचत नाही, जमिनीत मुरतं. मी अण्णांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खणायचं कशाला? खड्डा आहे की आपल्याकडं."

मला ते इतकं पटलं की मी त्या दिवशी शिरा केला.

तर पेव उघडून आम्ही उभे होतो. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

"खंड्या, बघ रं. सावकार पेव उघडायलेत. हळद ठेवायची आसंल. कुणाची, ते इचार."

खंड्या म्हणजे मगदूमकाकांचा कुत्रा. बाळगोंडा मगदूम आमचे शेजारी, अण्णांच्याच वयाचे, तेही एके काळी हळदीतलेच. मी सून होऊन आले तेव्हापासून ते आणि अण्णा एकमेकांशी बोलत नव्हते. मधे डोक्याएवढी उंच विटांची भिंत होती. काकांना काही सुनवायचं असलं की ते कुत्र्याला सांगायचे. अण्णांना उत्तर द्यायचं असलं की ते मला सांगायचे.

"त्रिशला," अण्णा म्हणाले, "त्या कुत्र्याला म्हणावं, आपल्या दारात भुंक."

"कुत्रं गप हाय, सावकार. मीच बोलायलोय," पलीकडून आलं.

शिवाप्पा हसला. अण्णांनी त्याच्याकडं पाहिलं, तसा तो दोरी गुंडाळायला लागला.

दोन दिवसांनी कंदील तळापर्यंत सरळ तेवत गेला. शिवाप्पानं उतरून पेव झाडलं. मी छपराच्या पन्हाळीला पाइप जोडून घेतला आणि त्याचं तोंड पेवात सोडलं. पावसाला अवकाश होता, म्हणून बोअरची मोटर लावून पेवात पुरुषभर पाणी भरलं. दोरी सोडून जिथपर्यंत ओली झाली तिथं गाठ मारली. उद्या दोरी गाठीच्या किती खाली ओली होते ते बघायचं, म्हणजे किती मुरलं ते कळेल.

दुसऱ्या दिवशी दोरी गाठीपर्यंत ओली झाली.

"मातीला प्यायला वेळ लागतो," मी म्हणाले.

तिसऱ्या दिवशीही गाठीपर्यंतच. डास घोंगावायला लागले होते. अण्णा पेवाच्या काठावर उकिडवे बसून आत बघत होते. तेवढ्यात आत धप्पकन आवाज झाला. कडेचा ढेकूळ सुटून पाण्यात पडला होता.

"खंड्या," भिंतीपलीकडून आवाज आला. काका हसत असावेत. शब्द तुटत होते. "आरं, जी माती बापजाद्यांपासनं हळदीला ओल लागू देत न्हाई, ती पाणी पिणार व्हय रं? हे तुला नि मला कळतंय. सावकारास्नी कळंना."

मी अण्णांकडं पाहिलं. चिडतील असं वाटलं. अण्णा मातीच्या कडेवर बोट फिरवत राहिले. पेवाची माती म्हणून ज्या मातीचं गुणगान त्यांनी गिऱ्हाइकांपुढं आयुष्यभर केलं, तिच्याकडूनच आम्ही उलटं काम मागत होतो. त्यांना हे कळत नव्हतं असं कसं म्हणायचं?

"खरंय," ते म्हणाले. मला नाही, कुत्र्यालाही नाही. मगदूमकाकांच्या बोलण्याला त्यांनी होकार दिलेला मी पहिल्यांदाच ऐकला. पलीकडचं हसणं थांबलं.

भोकरे सरांना मी हकीकत सांगितली, तर ते डोक्याला हात लावून बसले. "बाई, आधी जमिनीला विचारायचं असतं," ते म्हणाले. "हातभर खड्डा खणा, दोनदा पाणी भरून जिरू द्या, तिसऱ्यांदा भरून बघत बसा. पाणी उतरत नसेल तर तिथं काही करू नका."

मी परसभर असे खड्डे खणले. तुळशीजवळ, पेरूखाली, मोरीमागं. सगळीकडं पाणी डोळ्यांत डोळे घालून बघत बसल्यासारखं स्थिर. फक्त भिंतीच्या पायथ्याशी खणलेल्या खड्ड्यातलं पाणी संध्याकाळपर्यंत थोडं उतरलं. मी स्टुलावर चढून पलीकडं पाहिलं. मगदूमकाका चिकूला पाणी घालत होते. आळं भरून त्यांनी पाइप वांग्याच्या वाफ्याकडं वळवला, आणि वळवेपर्यंत आळं रिकामं.

जेवताना मी म्हणाले, "अण्णा, पाणी पिणारी जमीन आहे. पण भिंतीपलीकडं."

"माहीत आहे," अण्णा म्हणाले. "तिथनं पूर्वी ओघळ जायचा. हात-दीड हात माती, मग खाली सगळी रेव."

"मग?"

त्यांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. "मग काय. पुण्यात चिकू मिळत असतील की."

त्याच आठवड्यात धन्यकुमारांचा फोन आला. घर बघायला कुणी येणार होतं, येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी. "नुसतं बघून जाऊ देत," ते म्हणाले. "पाऊस सुरू झाल्यावर परस दाखवायची सोय राहणार नाही."

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी आमच्या फाटकात न वळता कोपऱ्यावरून फिरून मगदूमकाकांच्या फाटकातून आत गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. खंड्या भुंकला नाही. तो मला भिंतीवरून ओळखत होता. काकांनी ताकाचा तांब्या पुढं केला आणि मी पिऊन होईपर्यंत काही विचारलं नाही.

"सासऱ्यानं धाडलंय?"

"नाही. त्यांना माहीतही नाही."

"मग कुणाच्या वतीनं आलीस?"

"माझ्याच. मला पुण्याला जायचं नाही."

त्यांनी भुवया उंचावल्या. घर विकायचं चाललंय हे त्यांना माहीत नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं. मी सगळं सांगितलं. शोषखड्डा भिंतीलगत, त्यांच्या बाजूला, रेवेत खणायचा. आमचं पाणी भिंतीखालून पाइपानं त्यात सोडायचं. दोन्ही घरांच्या पायापासून तो लांबच राहील.

"म्हंजे खड्डा माझ्या वाफ्यात, आणि पाणी तुमचं."

"तुमच्या छपराचंही जाईल त्यात. तुमच्या गोठ्यापुढंही तळं होतं."

"हुतंय खरं," काका म्हणाले. त्यांनी ताकाचा रिकामा तांब्या उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "तुझ्या सासऱ्याला सांग, सोता यायचं. बोलू नको म्हणावं. बोलून आमचं कधी निभलं न्हाई. रुमाल घेऊन ये म्हणावं."

बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. हळदीच्या बाजारात भाव तोंडानं बोलायचा नसे. घेणारा आणि अडत्या रुमालाखाली हात घालत, आणि घेणारा अडत्याची बोटं दाबून भाव सांगे. चारचौघांत व्यवहार व्हायचा, पण आकडा त्या दोन हातांनाच माहीत. धंदा सोडल्यानंतरही अण्णांचा तो रुमाल घडी घालून कपाटात होता.

निरोप ऐकून अण्णांनी रुमालाला हात लावला नाही. बुधवारीही नाही, गुरुवारीही नाही. शुक्रवारी संध्याकाळी मी त्यांना परसात पाहिलं. भिंतीला हात लावून उभे होते. तीन-चार विटा हलतात का, हे बघत असल्यासारखे. रविवारी सकाळी ते अंघोळ करून बाहेर आले ते धोतर, कोट, टोपी घालून. देवळाला चालले असावेत असं मला वाटलं.

"चल," ते म्हणाले. "मापं तू सांग. फूट मी ठरवीन."

कोपऱ्यावरून वळताना त्यांनी खिशातला रुमाल दोनदा चाचपला.

चिकूखाली बाज टाकलेली होती. काकाही कोट घालून बसले होते, ऐन उन्हाळ्यात. मला हसू आलं, पण दोघांचे चेहरे बघून मी ते गिळलं. अण्णा बसले. खाकरले. मी मापं सांगितली: खड्डा केवढा, किती खोल. भिंतीपासून वाफ्यात किती फूट आत घ्यायचा, हे त्या दोघांनी रुमालाखाली ठरवायचं. जितकं आत तितकी त्यांची जागा जाणार, जितकं भिंतीला लागून तितकी भिंत खचणार.

अण्णांनी रुमाल पसरला. दोघांनी हात खाली घातले आणि बाजारात बघत असत तसे वेगवेगळ्या दिशांना बघायला लागले. अण्णा गोठ्याकडं, काका आमच्या छपराकडं.

बाजारात हे क्षणात आटपतं. इथं आटपेना. रुमाल हलत नव्हता. खंड्या येऊन बाजेखाली बसला. मला वाटलं, काका फार आखडून धरतायत. मग काकांनी मान वळवली आणि अण्णांकडं थेट बघितलं. अण्णा गोठ्याकडंच बघत होते. रुमाल जरासा हलला. त्यांनी हात बाहेर काढला.

"चार फूट," काका मला म्हणाले. "भिंतीपासनं चार फूट माझ्या अंगाला. झालं." मग लगेच नेहमीच्या आवाजात, "आणि विटांचे तुकडे कुठनं आणणार? थर भरायला पाहिजेत न्हवं?"

"भट्टीवरून," मी म्हणाले.

"भट्टी कशाला? ह्या काय उभ्याच हायत." त्यांनी भिंतीकडं हनुवटी केली. "कुणी बांधली ही?"

"मी," अण्णा म्हणाले.

तो त्यांचा मगदूमकाकांशी मी ऐकलेला पहिला शब्द.

"मग तूच पाड."

त्या आठवड्यात दोन्ही परसांत जेवढा आवाज झाला तेवढा मी नंतर कधी ऐकला नाही. शिवाप्पानं काळी माती फोडून रेव गाठली. भिंतीचा मधला भाग पाडून आम्ही विटा काढल्या, आणि ते दोघे हातोड्या घेऊन तुकडे करायला बसले.

"बाळू, एवढे बारीक नको. पाणी जायला फट कुठं राहील?"

"तुझे बघ की. तुकडे करायलायस का अर्ध्या विटा? घर बांधायचंय व्हय आत?"

"माप मूठभर आहे."

"कुणाची मूठ? तुझी का माझी?"

तळाला मोठे दगड, त्यावर विटांचे तुकडे, मग खडी, वर वाळू. खड्ड्याच्या आधी भोकरे सरांच्या सांगण्यावरून एक छोटी टाकी केली, जाळी लावून, म्हणजे पालापाचोळा आणि गाळ तिथंच अडकेल. खड्ड्यातून निघालेली माती कुठं टाकायची, हा प्रश्न आलाच नाही. पेवातलं पाणी मोटर लावून उपसलं होतं. अण्णांनी पहिली पाटी स्वतः पेवात ओतली. दगडी झाकण तसंच ठेवायचं का, असं शिवाप्पानं विचारलं. "नको," अण्णा म्हणाले. "वर काहीतरी लाव, त्रिशला. मोगरा लाव."

घर बघायला आलेले लोक त्या रविवारी परसात पोचले तेव्हा तिथं अर्धी भिंत, विटांचा ढीग आणि भांडणारे दोन म्हातारे होते. ते चहा न पिता गेले.

आषाढात तीन दिवस लागोपाठ पाऊस झाला. तिसऱ्या दुपारी धन्यकुमार पुण्याहून आले ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडूनच. मागचं दार उघडून उभे राहिले. पन्हाळीतून पाणी धो धो येत होतं, पाइपात शिरत होतं, भिंतीच्या भगदाडापलीकडं टाकीत गरगरत होतं आणि खाली जात होतं. परसात चिखल होता, पाणी नव्हतं. अण्णा स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. पलीकडं काका डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन टाकीपाशी उभे होते आणि काठीनं जाळीवरची पानं बाजूला करत होते.

धन्यकुमारांनी हळूहळू पँट खाली सोडली. ओट्यावरच्या पाटीकडं बघून विचारलं, "चिकू कुणाचे?"

"मगदूमांचे," अण्णा म्हणाले. "खा. पुण्यात असे मिळत नाहीत."

फ्लॅटचं नाव पुन्हा निघालं नाही.

अण्णांना जाऊन आता चार वर्षं झाली. गेले तेव्हा ते त्याच खोलीत, त्याच पलंगावर होते. पलंगाखाली विटा नव्हत्या. भिंतीचं भगदाड आम्ही कधी बुजवलं नाही. मुलं तिथूनच जातात-येतात. खंड्याच्या जागी आता त्याचा नातू आहे.

मागच्या श्रावणात एका सरीनंतर मी आणि मगदूमकाका टाकीपाशी उभे होतो. काकांना आता वाकता येत नाही. मी सहज विचारलं, "काका, त्या दिवशी चार फूट ठरायला एवढा वेळ का लागला? तुम्ही दोनावर अडला होतात का?"

काका काठीवर रेलले. "तुला घरात कुणी सांगितलं न्हाई?"

"काय?"

"महापुराच्या साली त्या पेवात माझी हळद हुती. माझं पेव बुजवलेलं, म्हणून त्याच्यात ठेवलेली. नदी वाढायली, मी म्हणालो, भूपाल, काढून घेऊ. तो म्हणाला, ह्या मातीत पाणी शिरत न्हाई. तुझ्या हळदीला मी जबाबदार." काकांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "माती खरीच हुती. तिच्यातनं शिरलंच न्हाई. वरनं, तोंडातनं शिरलं. पाणी एवढं उंच येईल, हे कुणाला ठावं? मी भरून दे म्हणालो न्हाई गं. एक शब्द बोल म्हणालो. चुकलं म्हण. त्यानं भिंत बांधली."

टाकीत पाणी गरगरत होतं. मला पेव उघडताना उपरणं नाकाला लावलेले अण्णा आठवले. ज्या पेवात पाणी साचून काकांची हळद गेली, त्या पेवानं एकदा तरी पाणी पिऊन दाखवावं, म्हणूनच माती ठाऊक असूनही त्यांनी तो खड्डा सुचवला होता, हेही आता कळलं.

"मग रुमालाखाली?" मी विचारलं.

"तिथं मी वाट बघायलो हुतो. तो किती मागतोय ते बघावं म्हटलं. त्यानं बोट हलवलंच न्हाई. हात नुसता उताणा ठेवला, बोटं सोडून." काकांनी आपला हात पुढं करून दाखवला. तळवा आभाळाकडं. "अडत केलेला माणूस. बाजारात असा हात कुणी देत न्हाई, पोरी. असा हात दिला तर समोरचा पाहिजे ते घेऊन जाईल."

"तुम्ही काय घेतलंत?"

"मी? मीच त्याची चार बोटं धरून मिटली." त्यांनी तळवा मिटला. मग काठीनं टाकीकडं दाखवलं. "बघत काय उभी राहिलीस? जाळीवरची पानं काढ की. पाणी तुंबायलंय."